सामायिक बॉयलर

सुध्या,

परवाच्या शोकसभेत तुझ्याबद्दल सगळे फार चांगलं बोलले. तू शांत होतास म्हणे. समजूतदार होतास. कुणाच्याही अडीनडीला धावून जायचास. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत चाललं होतं. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. तुमची पंचवीस वर्षांची मैत्री, एका छताखाली राहिलात, तुम्ही दोन शब्द बोलाच, म्हणाले. मी उठलो, घसा बसलाय म्हणालो आणि खाली बसलो. घसा ठणठणीत होता. पण खोटं बोलायची इच्छा नव्हती, आणि खरं बोललो असतो तर नलिनीवहिनींना उठून जावं लागलं असतं. आता मंडळाच्या पत्रिकेसाठी लेख मागताहेत. तो दुसरा कुणीतरी लिहील, ज्याला तू शांत आणि समजूतदार भेटला असशील. मी तुलाच लिहितो. निदान या वेळी तुला मधेच तोडता येणार नाही.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. त्या मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास स्वयंपाकघरातला पाइप तीनदा वाजला. मी खाली टेबलाशी चहा पीत बसलो होतो. मी वर आलो नाही. दुपारी चार वाजता कुंदा कामावरून आली, तुझ्यासाठी ताटली घेऊन वर गेली, आणि तू बाथरूममध्ये पडलेला सापडलास. ते तीन ठोके तुझे होते की त्या म्हाताऱ्या बॉयलरचे, हे मला अजून माहीत नाही. सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो नेहमीप्रमाणे ऐन वेळी गप्प बसला.

तुझ्यावर मी चिडलेलो आहे, सुध्या. हे दुःखाचं दुसरं रूप वगैरे काही नाही. मी खरोखरच चिडलेलो आहे, आणि त्याची सुरुवात तू मेलास त्या दिवशी झालेली नाही.

सुरुवात सॉलिसिटरबाईंच्या ऑफिसात झाली. आठवतं? आपली दोघांची लग्नं झालेली, कुंदा आणि वहिनींसकट सगळ्यांनाच भाड्याच्या खोल्यांचा कंटाळा आलेला, आणि एकट्याने घर घ्यायची कुणाचीच ऐपत नव्हती. मग लंडनजवळ वॉटफर्डात स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरचं ते विटांचं घर आपण दोघांत घेतलं. वर तू, खाली मी. तुला युस्टनची ट्रेन धरायची असे, मला छापखाना जवळ होता. बाईंनी सगळे कागद पाहिले आणि चष्म्यावरून आपल्याकडे बघत विचारलं, घराला पाणी आणि खोल्या तापवायला बॉयलर एकच दिसतोय, तो कुणाचा? तू हसलास. "वुई आर लाइक ब्रदर्स, मॅडम," म्हणालास. बाई म्हणाल्या, भाऊ असलात तर मग नक्कीच लिहून ठेवा. आपण दोघंही हसलो आणि त्यांनी काही लिहिलं नाही. इंग्रजांना प्रत्येक गोष्टीची वाटणी करायची सवय, आपल्यात कसल्या वाटण्या, असं आपण जिना उतरताना बोललो. त्या बाईंना मी नंतर कितीदा मनातल्या मनात नमस्कार केलाय ते मलाच माहीत.

बॉयलर माझ्या स्वयंपाकघरात. त्याचा टायमर माझ्या भिंतीवर. गरम पाण्याचं सिलिंडर मात्र तुझ्या जिन्यालगतच्या कपाटात, आणि टाकी तुझ्या डोक्यावरच्या माळ्यावर. म्हणजे पाणी तापवायचं मी आणि साठवायचं तू. दोन शिकलेसवरलेले मराठी पुरुष, एक कौन्सिलमध्ये फायली हाताळणारा आणि एक छापखान्यात प्लेटा तपासणारा, दोघांनी मिळून हे घर पाहिलं आणि दोघांनाही ते दिसलं नाही. आपण पाहिलं काय, तर मागे तुळस लावायला जागा आहे का.

पहिली पाच-सहा वर्षं चांगली गेली, हे मी नाकारत नाही. बॉयलर तेव्हाच म्हातारा होता. दर नोव्हेंबरला त्याला काहीतरी व्हायचं. खोल्यांतले रेडिएटर वरून कोमट आणि खालून गार. पंप अडकून बसायचा, मग त्याला पान्याच्या मुठीने दोन टोले दिले की घरघरत सुरू व्हायचा. माळ्यावरच्या टाकीतला फ्लोट गंजून चिकटायचा. फिटरला बोलवायचं आपल्या मनातही आलं नाही. तू लायब्ररीतून पुस्तक आणलंस, माझ्यासमोर आकृत्या धरल्यास आणि मला शिकवलंस, कारण तुला वाचायला आवडे आणि मला हात काळे करायला. रेडिएटरमधली हवा काढायची तर एकाने वर असावं लागे आणि एकाने खाली बॉयलरपाशी. जिन्यातून ओरडून घसे बसले तेव्हा तू पाइपाची भाषा काढलीस. माझ्या बॉयलरमधून निघालेला तांब्याचा पाइप सरळ तुझ्या बाथरूममध्ये जात होता. एक ठोका म्हणजे चालू कर. दोन म्हणजे बंद कर. तीन म्हणजे वर ये. मी पान्याने ठोकायचो, तू आंघोळीच्या तांब्याने. तुझा तो स्टीलचा तांब्या पोचे पडून पडून वाकडा झाला होता.

मग तीन ठोके कशालाही यायला लागले. चहा झालाय, वर ये. क्रिकेट लागलंय, वर ये. नलिनीने थालीपिठं लावलीत, वर ये. कुंदा म्हणायची, तुम्हा दोघांना साधा जिना चढून दार वाजवता येत नाही का? येत होतं. पण ठोके ऐकून वर धावत जायची मजा वेगळी होती, ती बायकांना कशी कळणार.

आणि ते आठ दिवस. ते मी लिहिले नाहीत तर मीच खोटारडा ठरेन. कुंदा हॉस्पिटलमधून घरी आली होती. तीन महिन्यांचं होतं ते गेलं होतं. ती कुणाशी बोलत नव्हती, फक्त गरम पाण्याने आंघोळ करते म्हणायची, दिवसातून दोनदोनदा. नेमका त्याच आठवड्यात बॉयलर बसला आणि त्याचा भाग यायला आठ दिवस लागणार होते. तू सुट्टी काढलीस. ऑफिसात काय सांगितलंस कोण जाणे. मी छापखान्यात जायचो आणि तू तुझ्या गॅसवर पातेली तापवून बादल्या भरून तेरा पायऱ्या उतरून खाली आणायचास. दाराबाहेर ठेवायचास, दारावर टिचकी मारायचास आणि वर जायचास. कुंदाने मला हे नंतर सांगितलं. तू एकदाही बोलला नाहीस. हे तुझं माझ्यावरचं ऋण आहे, आणि ते आहे म्हणून मला तुझा जास्तच राग येतो. नुसता वाईट माणूस असतास तर किती सोपं झालं असतं.

आता दिवाळी.

आप्पा आले होते त्या वर्षी. माझे वडील आयुष्यात एकदाच साताऱ्याबाहेर इतके लांब आले, आणि आई गेल्यानंतरची त्यांची ती दुसरी दिवाळी. तुझ्याकडे वहिनींचे दोन भाऊ बायका-मुलांसह लेस्टरहून आलेले. पहिल्या आंघोळीचा बेत आपण दोघांनी आठ दिवस आधीपासून केला होता. पहाटे पाचला सुरुवात, म्हणून टायमर चारला लावायचा. वासाचं तेल, उटणं, सगळं जमवलं. कारीट मिळेना तर त्याच्या जागी ब्रसेल्स स्प्राउटचा चिमुकला कोबी पायाखाली फोडायचा शोध तुझाच. आप्पा त्यावर इतके हसले होते की त्यांची कवळी हातात आली होती.

त्या वर्षी पहिली आंघोळ नेमकी हिवाळ्यासाठी इथली सगळी घड्याळं एक तास मागे करायच्या रविवारी आली. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मी आठवणीने टायमरचं घड्याळ एक तास मागे केलं. झोपलो. पहाटे आप्पांना पाटावर बसवलं, कुंदाने ओवाळलं, मी स्वतः त्यांच्या पाठीला तेल चोळलं. उटणं लावलं. मग बाथरूममध्ये नळ सोडला तर पाणी गार. जरा वेळ वाहू दिलं. गारच. आणि त्याच वेळी वरून तुमच्याकडच्या नळांचा आवाज येत होता, मुलांचा गलका, धावपळ. मला जे समजायचं ते मी समजलो. तुझ्या मेहुण्यांनी सिलिंडर रिकामं केलं होतं.

"असू दे रे मधू," आप्पा म्हणाले, "आपण विहिरीवर काय कढत पाण्याने आंघोळ करायचो?" आणि तेलाने माखलेल्या अंगावर त्यांनी ते बर्फासारखं पाणी घेतलं. दाराबाहेरून मी त्यांचा श्वास ऐकत होतो. प्रत्येक तांब्याला तो तुटत होता. बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ निळे होते आणि ते हसत होते, मला वाईट वाटू नये म्हणून.

मी वर आलो तो दार न वाजवता. तुझ्या पाहुण्यांसमोर, वहिनींसमोर, मी तुला चोर म्हणालो. माझ्या बापाचं पाणी पळवलंस म्हणालो. आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. तू कमरेला पंचा गुंडाळून उभा होतास आणि तुझेही केस ओले, अंगावर काटा. तू म्हणालास, "मधू, लिसन. बॉयलर तुझ्या किचनमध्ये, टायमर तुझ्या वॉलवर, अँड आय ॲम द थीफ? आमच्याकडे पोरांनी गार पाण्याने आंघोळी केल्या. चारच्या ऐवजी आत्ता पाचला तू बॉयलर लावलास, मी आवाज ऐकला. तुझ्या फादरसाठी पाणी ठेवायचं होतं तर रात्रीच सांगायचंस, आम्ही आंघोळी केल्या नसत्या."

मी बॉयलर लावला नव्हता. पण तू माझ्यावर तो आरोप केलास, पाहुण्यांसमोर, आणि मी जिना उतरलो. त्यानंतर सात वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. फराळाची ताटं बायकांनी वर-खाली केली. आपल्या दोघांत चालू राहिला तो फक्त पाइप. एक ठोका, दोन ठोके. चालू कर, बंद कर. तीन ठोके पुन्हा कधी आले नाहीत.

त्याच रविवारी दुपारी मला कळलं होतं. टायमरकडे सहज लक्ष गेलं. तो माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या एक तास मागे होता. मी रात्री तो बरोबर लावला होता. म्हणजे माझ्या आधी किंवा नंतर आणखी कुणीतरी त्याला एक तास मागे केलं होतं. शनिवारी संध्याकाळी कोथिंबीर मागायला तू खाली आला होतास. घरातली घड्याळं मागेपुढे करायचं काम तू नेहमीच स्वतःकडे घ्यायचास, भिंतीवरचं, गाडीतलं, सगळ्यांचं. तू केलंस, मी केलं. चारचा बॉयलर पाचला लागला. सिलिंडर कुणी रिकामं केलं नव्हतं, ते तापलंच नव्हतं. तुझी भाचरं आणि माझा बाप, सगळे एकाच गार पाण्याने न्हाले होते.

मी टायमर पुढे केला आणि गप्प बसलो. वर येऊन सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण सकाळीच मी तुला चोर म्हणून आलो होतो, आणि आप्पा ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसले होते. तुझी चूक नव्हती हे पटायला मला फार वेळ लागला नाही. ते तोंडाने म्हणायला मात्र सात वर्षं पुरली नाहीत. आप्पा जानेवारीत परत गेले, दीड वर्षाने वारले. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपल्या आंघोळीवरून दोन मित्र तुटले. ते पत्रात दरवेळी विचारायचे, सुधाकर कसा आहे? मी लिहायचो, मजेत.

आणि मग आपण काय करत बसलो ते बघ. तू कपाटातला माझ्या बाजूचा व्हॉल्व्ह निम्मा फिरवलास. माझ्या नळाला धार बारीक येऊ लागली. मी ओळखलं. बॉयलरमागून तुझ्या रेडिएटरकडे जाणारा व्हॉल्व्ह मी आवळला. तुझी बैठकीची खोली गार पडली. वहिनी घरात दोन स्वेटर घालून वावरायच्या, हे मला दिसत होतं. कुंदाचे सांधे धरले, हे तुला दिसत होतं. आपण दोघं ज्या पुस्तकातून बॉयलर दुरुस्त करायला शिकलो, त्याच पुस्तकाच्या आधारे एकमेकांचं घर थंड करत होतो. याला तू काय म्हणशील? मी तर याला बिनडोकपणा म्हणतो, आणि त्यात तुझा वाटा निम्म्याहून जास्त होता असं मला अजूनही वाटतं.

गेल्या दोन वर्षांत बॉयलर ठोके द्यायला लागला. इथलं पाणी जड, आतून चुन्याचा थर धरलेला, आच लागली की आतलं पाणी ठेचकाळत उकळायचं आणि पाइप धाडधाड वाजायचे. कधी दोनदा, कधी पाचदा. पहिल्या दिवशी मला वाटलं तू ठोकतोयस. मी दोन ठोक्यांनी उत्तर दिलं. वरून तू चारदा ठोकलंस. बहुधा तुलाही वाटलं असेल की मी सुरुवात केली. नंतर कुठला आवाज कुणाचा याचा पत्ताच राहिला नाही. मी शेवटी तुला पत्र लिहिलं, टपालाने, एकाच दाराच्या फटीतून पडणारं. बॉयलर काढून टाकू, तू तुझा घे, मी माझा घेतो, घर कायमचं वेगळं करू. तुझं उत्तर तीन दिवसांनी आलं, तेही टपालाने, मराठीत, एकच ओळ. "बॉयलर वेगळा होणार नाही, मी असेपर्यंत नाही." मी ते कुंदाला वाचून दाखवलं आणि म्हणालो, हा माणूस मला थंडीने मारणार आहे.

असा तू. शब्दाचा पक्का.

तर तो मंगळवार. वहिनी आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेलेल्या. कुंदा शाळेच्या किचनमध्ये कामावर. मला त्या दिवशी काम नव्हतं, छापखान्याने आम्हा जुन्या लोकांना आठवड्याचे तीनच दिवस ठेवलं होतं. बाहेर दंव पडलेलं. सव्वादहाला बॉयलर पेटला, नेहमीसारखा कण्हला, आणि मग पाइप वाजला. ठक. ठक. ठक. सारख्या अंतराने. मग काही नाही.

मी कप खाली ठेवला. मला वाटलं, हा बॉयलर. मग वाटलं, बॉयलर असा मोजून वाजत नाही. मग वाटलं, सुध्या आहे. वर ये म्हणतोय. सात वर्षांनी. आणि मला आनंद झाला, हे मी कबूल करतो. मी उठलोसुद्धा. पण उठता उठता मला आप्पांचे निळे ओठ आठवले, तुझी ती एक ओळ आठवली, आणि मी म्हणालो, बोलवायचं असेल तर खाली ये, जिना दोघांनाही आहे. मी पाना घेतला आणि पाइपावर दोन ठोके दिले. बंद कर. नुसतं तेवढ्यावर थांबलो नाही, भिंतीवरचं बटण दाबून बॉयलरच बंद केला. आता बस गारठत, म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मग चहा गरम करून प्यायलो.

वर एकदम शांत झालं. बॉयलर बंद केल्यावर शांत होणारच. आणि तू गेला असशील तरी शांतच होणार. हा हिशेब मी गेले पंधरा दिवस करतोय आणि तो जुळत नाही.

कुंदाची किंकाळी ऐकून मी वर धावलो. सात वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या बैठकीचा रंग बदलला होता, मला माहीतही नव्हतं. तू बाथरूममध्ये रेडिएटरला पाठ लावून कलंडलेला होतास. तांब्या बाजूला पडलेला. तो तुझ्या हातून आंघोळ करताना पडला की पाइपावर ठोकून पडला, कसं सांगणार? त्याच्यावर इतके पोचे होते की नवा कुठला आणि जुना कुठला. मी तो हातात घेऊन खिडकीशी उजेडात धरून फिरवून पाहिला. कुंदा माझ्याकडे बघतच राहिली. माणूस मेलाय आणि हा तांब्या तपासतोय.

अँब्युलन्सवाल्यांनी विचारलं, तुम्ही शेवटचा आवाज कधी ऐकलात? मी सव्वादहा म्हणालो. कसला आवाज? मी म्हणालो, हीटिंगचा. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हृदय एकदम थांबलं, त्यांना काही कळलंही नसेल. नक्की वेळ सांगता येत नाही, सकाळी कधीतरी. कळलंही नसेल म्हणजे ठोकायला वेळ नव्हता, असं ना? मी विचारलं. ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत म्हणाले, वेळ मिळाला असण्याची शक्यता कमी.

वहिनी तिसऱ्या दिवशी पोचल्या. सगळं आटोपल्यावर एका दुपारी मी वर जाऊन त्यांच्यासमोर बसलो आणि टायमरचं सांगितलं. दोघांनी एक-एक तास मागे केला होता, मला त्याच दिवशी कळलं होतं, मी बोललो नाही. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील.

"भाऊजी, त्यांनाही माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं. मला म्हणाले, नलू, मीही मागे केला होता, त्यानेही केला असणार. मी म्हटलं, मग खाली जाऊन सांगा ना. तर म्हणाले, चोर तो मला म्हणाला, वर त्याने यायचं."

ऐकतोयस? म्हणजे तुला माहीत होतं. मला माहीत होतं. दोघांना एकाच दिवशी कळलं होतं, आणि दोघंही त्या जिन्याच्या दोन टोकांना सात वर्षं बसून राहिलो. मला एकट्याला दोषी धरायची मुभा तरी तू ठेवायला हवी होतीस. तीही नाही. तुझ्यासारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही, आरशातला सोडून.

पत्राचंही मी त्यांना विचारलं. बॉयलर वेगळा का करू दिला नाही? त्या म्हणाल्या, ते म्हणायचे, बॉयलर वेगळा झाला की मधूला माझ्याकडे ठोकायचं काही कारणच राहणार नाही. आता हे मला ऐकवून काय उपयोग? हे तुला त्या ओळीच्या खाली लिहिता येत नव्हतं? कागद संपला होता?

गेल्या आठवड्यात फिटर बोलावला. वहिनी इथेच राहणार म्हणतात, त्यांना गरम पाणी लागेल. टेरी नावाचा माणूस आला, साठीचा, गुडघ्यांना पॅड बांधलेला. दोन तास त्याने वर-खाली केलं, सगळे व्हॉल्व्ह तपासले, मग स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, या सिस्टिमला किती जणांनी हात लावलाय? मी म्हणालो, दोघांनी. तो म्हणाला, दोघांनीही लावला नसता तर अजून दहा वर्षं चालली असती. मग बॉयलर उघडून त्याने मला आतला चुन्याचा थर दाखवला, बोटभर जाड. मी त्याला विचारलं, हा तीनदा ठोके देऊ शकतो का? मोजून, सारख्या अंतराने? टेरीने खांदे उडवले. "थ्री, फोर, टेन, व्हॉटेव्हर यू लाइक, मेट," म्हणाला. त्याने बॉयलर पेटवून दाखवला. तो वाजला. आधी चारदा, मग दोनदा. मी त्याला पुन्हा पेटवायला लावला. पुन्हा. पाचव्या वेळी टेरीने पाना खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, तुम्ही नेमकं काय ऐकायचा प्रयत्न करताय? मी सांगितलं. तो तिथेच जमिनीवर बसला. म्हणाला, तो बॉयलरच होता. हंड्रेड परसेंट. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

सगळ्यांनी मला तेच सांगायचं ठरवलंय. टेरी म्हणतो बॉयलर. डॉक्टर म्हणतात, कळलंही नसेल. कुंदा म्हणते, सुटलात, आता झोपा शांत. वहिनींनीसुद्धा माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, त्यांनी बोलावलं असतं तर तुम्ही वर आला असतात, मला ठाऊक आहे. मी त्यांना ते दोन ठोके अजून सांगितलेले नाहीत. सांगेन. उद्या सांगेन, हे लिहून झालं की.

पण ही सुटका मला नको आहे, सुध्या. सगळे ती माझ्या हातात कोंबताहेत आणि मला ती घ्यायची नाही. तो बॉयलर असेल तर तू सात वर्षांत एकदाही मला बोलावलं नाहीस. पडलास, पाइप हाताशी होता, आणि गेलास, सरळ, माझ्याशी न बोलता. ते मला सोसणार नाही. दुसरं सोसेन. त्याला लागणारा निबरपणा माझ्यात आहे, तुला माहीतच आहे. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय, आणि यावर तुझ्याशी वाद घालणार नाही. तू मला वर बोलावलंस. मी आलो नाही.